सपाट आवाज

८ जुलै १९९६
वाडी, बडोदे

आदरणीय अनीशदादा यांस,
रणवीर माने याचा नमस्कार.

तुमचे पत्र काकांच्या पत्त्यावर, पण माझ्या नावाने आले. शैलाकाकूंनी ते दारातच माझ्या हातात दिले आणि विचारले, "तुला कशाला लिहिलंय रे त्याने? आई-बापाला लिहायचं सोडून?" मी ते घरी नेऊन वाचले. "ख्यालीखुशाली विचारली आहे," एवढेच काकूंना सांगितले. तुम्ही माझी खुशाली विचारलेली नाही, पण मी बरा आहे.

तुमचा प्रश्न एका ओळीचा आहे. बोलते ती, लिहितोस तू, मग ही पदवी नक्की कोणाची? त्याखाली तुम्ही बहिणीबद्दल लिहिले आहे की मोहनाताई बी.ए.च्या शेवटच्या वर्षी इतिहासात नापास झाली, तेव्हा हा नाद आता पुरे. दिवाळीत तुम्ही येणार, काका-काकूंना तिकडे नेणार आणि मोहनाताईला अहमदाबादच्या अंध मुलींच्या वसतिगृहात ठेवणार. तिथे टेलिफोनचे काम शिकवतात. मी तिला उगाच आशा लावू नये, असेही लिहिले आहे.

वसतिगृहाबद्दल बोलायचा मला अधिकार नाही. पण पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्याइतके जवळून कोणी पाहिलेले नाही, म्हणून लिहितो. हे पत्र आधी कच्चे लिहून मग उतरवले आहे. तरी शुद्धलेखनाची चूक राहिली असेल तर क्षमा असावी.

तुम्ही अमेरिकेला गेलात त्या उन्हाळ्यात मोहनाताईची दृष्टी पूर्ण गेली होती. तुम्ही तिची बारावीची पुस्तके सुतळीने बांधून माळ्यावर ठेवली होतीत. ती खाली काढली काकांनी, पण शिडी मी धरली होती. काका तिला वाचून दाखवत. बारावी तिने तशीच केली. बी.ए.ला नाव घातल्यावर लेखनिकाचा प्रश्न आला. नियम असा आहे की लेखनिक परीक्षा देणाऱ्यापेक्षा कमी शिकलेला हवा, नात्यातला नको. कॉलेजातली मुले त्यात बसेनात. कमी शिकलेले जे मिळाले त्यांचे अक्षर वाचवेना. तेव्हा काकांना त्यांचा जुना विद्यार्थी, म्हणजे मी, आठवलो. शाळेत काका माझे अक्षर वर्गाला दाखवत, आणि माझे गणित कोणालाच दाखवत नसत. नववीत माझी शाळा सुटली ते तुम्हाला माहीत आहे. माझे अपुरे शिक्षण आयुष्यात पहिल्यांदा कुठेतरी पात्रता म्हणून मोजले गेले.

गोरव्याच्या कारखान्यात मी तयार झालेले भाग तपासतो. पहिल्या वर्षी रजा मागायला गेलो तेव्हा शेठ म्हणाले, "परीक्षा तारी छे के बेननी?"

मी म्हणालो, "बेननी."

"तो रजा तने शेनी?"

मग तुला रजा कशाची? म्हणजे तुमचा प्रश्न बडोद्यातही विचारून झाला आहे, दादा. शेठ हसले आणि रजा दिली.

आम्ही काम कसे करतो ते सांगतो. मी प्रश्न वाचतो, जसा छापला आहे तसा, दोनदा. ती थोडा वेळ गप्प बसते. मग वाक्य बोलते, विरामचिन्हांसकट. "स्वल्पविराम", "पूर्णविराम", "नवा परिच्छेद". मी लिहून झाले की शेवटचा शब्द म्हणतो, म्हणजे तिला कळते की मी तिथवर पोचलो. बस, एवढेच. मला दुसरा शब्द बोलायची मुभा नाही. आणि तो एक शब्दही कसा म्हणायचा, यावर काकांनी मला महिनाभर घोटवले. आवाज वर नाही, खाली नाही. वर गेला तर शंका, खाली गेला तर कौतुक, आणि दोन्ही म्हणजे मदत. काका पट्टी घेऊन समोर बसत. "सपाट! अरे रण्या, बातम्या देतोस का? सपाट!" मोहनाताई हसून म्हणे, "बाबा, तो माणूस आहे, गिरणीचा भोंगा नाही." तेव्हापासून ती मला लेखनिक महाराज म्हणते.

इतिहासाच्या पेपराबद्दल मी इथे काही लिहीत नाही. एरोग्रामची जागाही संपत आली आहे.

आपला,
रणवीर


२२ सप्टेंबर १९९६
वाडी, बडोदे

आदरणीय अनीशदादा,

तुमचे दुसरे पत्र मिळाले. "इतिहास हा तिचा सर्वांत पक्का विषय. त्यात ती नापास होणे शक्य नाही. तूच काहीतरी चुकीचे लिहिले असशील." असे तुम्ही म्हणता. मागच्या पत्रात ती पदवी माझी होती. या पत्रात नापासही मीच झालो आहे.

क्षमा असावी. हे वाक्य पक्क्या पत्रात ठेवायचे नव्हते, पण खोडले तर डाग दिसतो.

आता ते सांगणे भाग आहे. त्या दिवशी सकाळी आम्ही रिक्षाने निघालो. पाणीगेटपासून ती उजळणी करत होती. दुसरा बाजीराव होळकरांपुढे पुण्याहून पळाला, वसईला गेला, इंग्रजांशी तह केला, त्याची कारणे, कलमे, परिणाम. "वसईचा तह, वसईचा तह" असे घोकत होती. रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "बेन, वसई तो मुंबई जतां आवे. आ रिक्षामां नहीं पोचाय." ती इतकी हसली की कलमे पुन्हा पहिल्यापासून म्हणावी लागली.

पेपरात तेच आले. दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेला तह, त्याची कारणे आणि परिणाम. मी दोनदा वाचले. आधीच्याच उत्तरात रघुनाथरावाच्या भानगडीत सालबाईचा तह येऊन गेला होता, आणि तोच तिच्या जिभेवर बसला असावा. ती बोलली, "सालबाईच्या तहाने, स्वल्पविराम."

मी लिहिले. मग शेवटचा शब्द म्हणायचा होता.

दादा, मी कारखान्यात दिवसभर भागांना माप तपासायचे गेज लावतो. भाग बसला तर बसला, नाही तर बाजूला. हात थरथरत नाही. त्या दिवशी मात्र माझा तळवा इतका ओला झाला की उत्तरपत्रिकेवर डाग पडू नये म्हणून मी खाली रुमाल घातला. मला माहीत होते. इतिहासाचे मला काही कळत नाही, पण सकाळी रिक्षात ऐकलेले मी दुपारी विसरलो नव्हतो. नुसते "सालबाई?" म्हटले असते, शेवटी किंचित वर नेऊन, तरी ती थांबली असती. पर्यवेक्षक बाई खिडकीजवळ होत्या. कोणाला कळले नसते.

मी म्हणालो, "तहाने." सपाट.

ती पुढे बोलत गेली. सगळे उत्तर सालबाईचे. साष्टी इंग्रजांकडे राहिली इथपासून सगळे, एकही कलम न चुकता. मी एकेक शब्द लिहिला आणि नीट लिहिला. चुकीचे आहे म्हणून अक्षर वाईट काढले नाही.

परत येताना पाणीगेटपाशी ती एकदम म्हणाली, "वसई." मग जिन्यात विचारले, "तुला माहीत होतं ना?"

"होतं."

"आवाज हलला नाही तुझा."

"नाही."

काका मात्र संतापले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला घराबाहेर जायला सांगितले. "एक शब्द! पट्टी घेऊन मीच शिकवलं तुला, म्हणून काय एक शब्द सुटू नये तोंडातून?" शैलाकाकू मधे पडल्या, "अहो, त्याला कशाला बोलता?" मी चपला घालत होतो तेव्हा आतून मोहनाताईचा आवाज आला. तुम्हाला तो तसाच कळवतो, कारण तसेच कळवणे हेच माझे काम आहे. ती म्हणाली, "बाबा, त्याने तो एक शब्द दिला असता ना, तर दादा म्हणतो ते खरं झालं असतं."

म्हणजे तिला ठाऊक आहे तुम्ही काय म्हणता ते. मी सांगितलेले नाही. काकांना आलेली पत्रे त्यांना मोठ्याने वाचायची सवय आहे.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर. ती नापास झाली हाच माझ्याकडचा पुरावा आहे. लिहिणारा मी, आणि उत्तर चुकले ते तिचे. मी माफी मागत नाही. फक्त एवढेच मागतो की एप्रिलपर्यंत थांबा. तिने फॉर्म भरला आहे. तो भरताना ती म्हणाली, "या वेळी वसईला रेल्वेने जाऊ."

आपला,
रणवीर


१६ जानेवारी १९९७
वाडी, बडोदे

आदरणीय अनीशदादा,

दिवाळीत तुम्ही आला नाहीत. काकांनी सांगितले की फोन आला होता आणि तुम्ही निकालापर्यंत थांबणार आहात. निकालात नापास झाली तर जूनमध्ये येऊन सगळे आवरणार, हेही सांगितले. मोहनाताई फोनशेजारीच बसली होती, असे काकू म्हणाल्या. तिने हात पुढे केला नाही, आणि तुम्हीही तिला द्या म्हणाला नाहीत.

त्यानंतर तुमचे पार्सल आले. आत कोऱ्या कॅसेटी, पत्र नाही. काकूंनी खोके उलटे करून झटकले. मी सुचवले की चिठ्ठी वाटेत गळली असेल. मोहनाताई म्हणाली, "चिठ्ठी ठेवली असती तर कस्टमवाल्यांनी जप्त केली असती. दादाचं अक्षर धोकादायक आहे." पण कॅसेटी तिने लगेच मोजून घेतल्या.

काका आता त्यात इतिहास वाचून भरतात. त्यांचा घसा पूर्वीसारखा राहिला नाही, म्हणून स्वयंपाकघराशेजारी बसून, वाफ घेत घेत वाचतात. त्यामुळे कॅसेटीत सगळे घर आले आहे. पानिपतानंतर कुकर होतो. मोहनाताई सांगते, "तिसरी शिट्टी झाली की माधवराव गादीवर." उत्तरायणाच्या दिवशी भरलेल्या कॅसेटीत प्रत्येक तहानंतर गच्चीवरून पतंग काटल्याचे "काप्यो छे!" ऐकू येते. वसईच्या तहावर तर इतका मोठा गलका झाला की काका थांबले आणि म्हणाले, "बरोबर आहे. कापलीच होती पेशवाई." ती ते पुन्हा पुन्हा लावते.

त्या दिवशी सगळी वाडी गच्चीवर होती. मीही पतंग घेऊन निघालो होतो. ती खाली कॅसेट लावून बसली होती, भिंतीकडे तोंड करून, ओठ हलवत. तिला कोणी बस म्हटले नव्हते. काकू तर म्हणत होत्या, "एक दिवस ये ग वर, ऊन तरी लागेल." तुमच्या दिवाणखान्यात तुमचा काळ्या झग्यातला फोटो आहे ना, त्याखाली बसून मी इतकी वर्षे चहा प्यालो. मला वाटे पदवी म्हणजे तो फोटो. हुशार माणसाला मिळते, मग तो वाडीतून निघून जातो. आता वाटते की फोटोच्या आधी तुम्हीही अशा कितीतरी दिवशी खाली बसला असाल. तेव्हा आम्ही गच्चीवर होतो, म्हणून आम्हाला ते दिसले नाही.

मी पतंग उडवला नाही असे समजू नका. उडवला. दोन काटले.

आपला,
रणवीर


११ एप्रिल १९९७
वाडी, बडोदे

आदरणीय अनीशदादा,

आज इतिहासाचा पेपर झाला. आल्याआल्या लिहीत आहे, कच्चे न लिहिता, तेव्हा सांभाळून घ्या.

या वेळी पर्यवेक्षक दुसऱ्या होत्या. त्यांनी खुर्ची आमच्या बाकाला लावूनच ठेवली. "भाई, तमारे कशुं बोलवानुं नथी हं." मी शेवटचा शब्द म्हणण्याची पद्धत सांगितली. त्यांना ती पटेना. मग मोहनाताई म्हणाली, "बेन, त्याचा आवाज ऐका. त्यातून तुम्हाला काही कळलं तर मला उठवा." त्या कान देऊन बसल्या.

मग चौथा प्रश्न आला. शब्द थोडे वेगळे, पण तोच दुसरा बाजीराव, तोच तह. मी दोनदा वाचले.  बोलायच्या आधी तिने इतका वेळ कधी घेतलेला मला आठवत नाही. बाहेर कोणीतरी स्कूटरला किक मारत होते, ती लागत नव्हती. मला वाटले आता ती सालबाई म्हणेल आणि मला पुन्हा ते लिहावे लागेल, आणि या वेळी माझ्याने होणार नाही.

ती बोलली, "वसईच्या तहाने, स्वल्पविराम."

दादा, मी तुम्हाला एक सांगतो. चुकीच्या उत्तराला आवाज सपाट ठेवणे अवघड असते असे मी वर्षभर समजत होतो. बरोबर उत्तराला त्याहून अवघड असते.  ती थांबली होती, माझ्या शब्दाची वाट बघत. मी अंगठ्याने बाकाची कड दाबून धरली आणि म्हणालो, "तहाने."

सपाट. गिरणीच्या भोंग्यासारखा.

मग ती जी सुटली! कारणे, कलमे, परिणाम, मध्ये एकही अडखळ नाही. माझा हात तिच्या मागे पळत होता. शेवटी "पूर्णविराम" म्हणाली आणि हळूच पुढे, "काप्यो छे." ते मी लिहिले नाही. पर्यवेक्षक बाईंनी विचारले, "शुं कह्युं?" ती म्हणाली, "कशुं नहीं बेन, जूनो हिसाब."

वाटेत रिक्षात मी विचार करत आलो. उत्तरपत्रिकेवर तिचे नाव नाही, फक्त बैठक क्रमांक आहे. तपासणारा कुठल्या गावचा कोण, त्याला कळणार नाही की ही मुलगी डोळ्यांनी बघत नाही, की हिने कुकरच्या शिट्ट्यांवर पेशवे लक्षात ठेवले. वाडीत सगळे तिला बिचारी म्हणतात. भाजीवाली तिला दोन मिरच्या जास्त घालते. गेल्या वर्षी त्या अनोळखी माणसाने तिला नापास केले. तेव्हा मला त्याचा राग आला होता. आता वाटते की साऱ्या बडोद्यात तिला बिचारी न समजणारा तो एकटाच होता. माझ्या गेजलाही दया नसते, म्हणून तर त्याने पास केलेल्या भागावर मशीन चालते. पदवीला लोक मान देतात तो यासाठीच असावा. ती ओळखीने मिळत नाही, कीव करून मिळत नाही, आणि शेजारी माझ्यासारखा बसला असला तरी त्याच्याकडून मिळत नाही.

निकाल काहीही लागो, हे मी आज लिहून ठेवतो, म्हणजे निकाल पाहून लिहिले असे होणार नाही.

आपला,
रणवीर


१४ जून १९९७

दादा,

पास. द्वितीय वर्ग. इतिहासात सगळ्यांत जास्त गुण.

फलकावर क्रमांक मी पाहिला. खात्री वाटेना म्हणून शेजारच्या मुलाला वाचायला लावला, मग शिपायाला. घरी पोचलो तर दार उघडेच होते. मी धापा टाकत उंबऱ्यात उभा. मोहनाताई म्हणाली, "आज तरी आवाज सपाट नको ठेवूस रे!" मग मी असा ओरडलो की खालचे लोहाणाकाका जिना चढून आले, आग लागली समजून.

काकांनी मला जवळ बोलावले. पट्टी हातात दिली आणि म्हणाले, "ही तुझ्याकडे असू दे."  शेठनी सगळ्या कारखान्याला बटाट्याचा लीलो चेवडो वाटला आणि विचारले, "पास कोण थयुं?" मी म्हणालो, "बेन." ते म्हणाले, "तो तुं केम नाचे छे?"

काल तुमचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. वसतिगृहाचे तुम्ही रद्द केल्याचे काकांनी आम्हाला मोठ्याने सांगितले. मग तुम्ही काय बोललात माहीत नाही, पण काकांनी फोन मोहनाताईच्या हातात दिला. मी बाहेर गेलो. ते माझ्या लिहिण्याचे नव्हते.

रणवीर


२५ जानेवारी १९९८
वाडी, बडोदे

प्रिय अनीशदादा,

तुम्हाला रजा मिळाली नाही, म्हणून पदवीदानाचा सगळा वृत्तान्त लिहायचे मोहनाताईने मला बजावले आहे. "काही गाळू नकोस आणि काही घालू नकोस," म्हणाली.

काळा झगा भाड्याने आणला. तो लांब होता. काकूंनी आतून टाके घातले आणि घालताना रडल्या. "टिपणीस मोहना दीनानाथ" असे नाव पुकारले. पायऱ्यांपर्यंत मी सोबत गेलो. तिथे ती म्हणाली, "आता थांब." काठी टेकत ती एकटी वर गेली. टाळ्या झाल्या, पण इतरांना झाल्या तेवढ्याच. कोणाला काठी दिसली नसावी, किंवा दिसूनही जास्त वाजवल्या नसाव्यात. तिने नंतर मला हेच आधी विचारले. "माझ्या वेळी जास्त वाजल्या का रे?" मी म्हणालो, "नाही. तेवढ्याच." ती इतकी खूश झाली की मला आधी कळलेच नाही का ते.

पण मला लिहायचे आहे ते त्याच्या आधीचे. पदवी घेण्यापूर्वी एका मोठ्या वहीत सही करावी लागते. टेबलामागच्या गृहस्थांनी तिची काठी पाहिली आणि सवयीने पेन माझ्यापुढे धरले. "भाई, तमे करी दो." माझा हात पुढे गेलासुद्धा. इतकी वर्षे तिच्या नावाने जे जे लिहिले गेले, फॉर्म, उत्तरे, अर्ज, ते सगळे माझ्या अक्षरात आहे. उद्या कोणी तिची कागदपत्रे काढली तर त्यात तिचा एक अनुस्वार सापडणार नाही.

मोहनाताई म्हणाली, "पेन मला द्या."

मी फक्त तिचे बोट रकान्यावर नेऊन ठेवले. दृष्टी जाण्यापूर्वी ती कशी सही करायची ते तुम्हाला आठवत असेल, शेवटच्या "ना"ला मोठ्या वेलांटीसारखी शेपटी काढून. तशीच केली. ती रकान्यातून बाहेर गेली, शेजारच्याच्या नावावर चढली आणि वर तिरकी झाली. गृहस्थ म्हणाले, "चालशे, चालशे." माझ्या हातून एवढे वेडेवाकडे कधी लिहिले गेले असते तर मी पान बदलून मागितले असते. मी ते पान बराच वेळ पाहत उभा राहिलो. त्या पूर्ण पानावर त्याच्याइतके देखणे अक्षर दुसरे नव्हते.

तिने एम.ए.ला नाव घातले आहे. मी दहावीला बाहेरून बसतोय. काका गणित घेतात. इतिहास ती घेते आणि चुकलो की म्हणते, "सालबाई!" परीक्षेत माझ्या शेजारी कोणी बसणार नाही. भीती वाटते, पण हात आधीसारखा ओला होत नाही.

आता खालचा मजकूर ती सांगते आहे. मी लिहीत आहे.

दादा, स्वल्पविराम नको, सरळ लिही. नापास झाले तेव्हा चूक माझी होती. पास झाले तेव्हाही उत्तर माझं होतं. तुझ्या कॅसेटी पुरल्या. उन्हाळ्यात ये, तुझ्या फोटोशेजारी माझा लावायचा आहे आणि बाबांना आता स्टुलावर चढवत नाही. पूर्णविराम. लेखनिक महाराज, आता कागद इकडे द्या.

मोहना

वरचे नाव तिने लिहिले आहे. कागद हलू नये म्हणून मी तो दोन बोटांनी धरला होता.

रणवीर